हिमोग्लोबिनला चार रंग कशाला?

कर्बवलय
हिमोग्लोबिनची रचना (पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातला क्रमांक ४एचएचबी) साखळीनिहाय रंगवली की हिरवा, निळसर, गुलाबी, पिवळा असे चार भडक रंग पडद्यावर येतात आणि तेच चित्र उचलून लेखात टाकलं जातं. माझ्या मते ते चित्र चुकीचं सांगतं. चारपैकी दोन अल्फा साखळ्यांचा अमिनो आम्लांचा क्रम हुबेहूब एक, दोन बीटांचाही एक. पाहणाऱ्याला मात्र चार निरनिराळी प्रथिनं दिसतात. अल्फांना निळ्याच्या गडद-फिकट छटा आणि बीटांना नारिंगीच्या दिल्या, तर नातं न सांगता कळतं. आणि विषय ऑक्सिजन कुठे बसतो हा असेल, तर सगळं प्रथिन फिकं करडं करा, रंग फक्त हीमला, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या भागाला, द्या. मधला लोहाचा अणू गोळा म्हणून दाखवा. चित्र ज्या प्रश्नासाठी काढलंय, रंग त्यालाच मिळावा.

स्फटिक
असहमत. प्रत्येकाने आपापल्या प्रश्नाप्रमाणे रंग ठरवले, तर दर चित्राला नवी लिपी शिकायची का? रसायनशास्त्रज्ञ हॉफमनने १८६५ साली क्रोके या खेळाच्या चेंडूंचे रेणू करून दाखवले, तेव्हाच कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल होता. पुढे कोरी, पॉलिंग आणि कोल्टन यांच्या आद्याक्षरांवरून या रंगसंकेताला सीपीके हे नाव रूढ झालं. लाल टोक दिसलं की ऑक्सिजन, हे मला वाचावंच लागत नाही. ही सवय मोडू नका.

कर्बवलय
ती मोडा असं मी म्हणतच नाहीये. ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक आपापल्या रंगात राहू द्या, फक्त कार्बनचा रंग बदला. लिगँडचे, म्हणजे प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूचे, कार्बन एका रंगाचे, प्रथिनाचे करडे. संकेतही राहतो आणि औषधाचा रेणू वेगळाही उठून दिसतो.

साधा_वाचक
मला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एक जण असा असतो, म्हणजे आम्ही काही मोजके नाही. पायमॉल या रेणूचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्बन मुळात हिरवे आणि ऑक्सिजन लाल. बारीक काड्यांच्या चित्रात काडीच्या टोकाशी रंग कुठे बदलला हे मी डोळे ताणून शोधतो, आणि हायड्रोजन बंध नेमका तिथेच दाखवलेला असतो. कार्बन करडे केलेत तर मला खूप फरक पडेल. साखळ्यांसाठी ओकाबे-इतो यांची, आमच्यासारख्यांनाही वेगळे दिसणाऱ्या आठ रंगांची पट्टी आहे, ती वापरून बघा. आणि कृपा करून अणूशेजारी एक अक्षर लिहा. अक्षर सगळ्यांना दिसतं.

संगणकी
मुद्दा पटतो, पण यावर उपाय म्हणून जो तो विरिडिस ही आकडे दाखवायची जांभळी ते पिवळी रंगपट्टी सुचवतो, त्याला माझा विरोध आहे. आलेखात ती पट्टी उत्तम, कारण ती गडदपासून उजळपर्यंत सारखी चढत जाते. प्रथिनाच्या पृष्ठभागावर मात्र प्रकाश आणि सावली असते. खोबणीच्या तळाशी गडद जांभळं दिसलं, तर ते मूल्य कमी म्हणून की तिथे सावली पडली म्हणून? सांगता येत नाही. आणि सक्रिय स्थान, म्हणजे जिथे रासायनिक क्रिया घडते ती जागा, बहुतेकदा खोबणीतच असतं.

कर्बवलय
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मान्य. मग अशा चित्रात सावल्या काढून टाकाव्यात, रंग सपाट ठेवावा आणि कडेला बारीक काळी रेघ द्यावी. रेणूंची चित्रं काढणाऱ्या डेव्हिड गुडसेल यांच्या चित्रांत असंच असतं. खोली रेघेतून कळते, रंग अर्थासाठी मोकळा राहतो.

स्फटिक
सपाट रंगात पृष्ठभागाचा चढउतार हरवतो. खोबणी किती खोल आहे हे रेघ सांगत नाही. मी सावली ठेवीन आणि रंगच दोन-तीन ठळक टप्प्यांत तोडीन.

एक अनुभव सांगतो. अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करणाऱ्या प्रणालीचं एक मॉडेल माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्या फाइलीत पीएलडीडीटी, म्हणजे भाकिताचा विश्वासांक, बी-फॅक्टरच्या, म्हणजे अणू किती हलतो त्या आकड्याच्या, रकान्यात असतो. पाठवणाऱ्याने नेहमीच्या सवयीने बी-फॅक्टरप्रमाणे निळा ते लाल रंग चढवले. स्फटिकरचनेत बी-फॅक्टर जास्त म्हणजे अणू अस्थिर, तो लाल. इथे आकडा जास्त म्हणजे विश्वास जास्त. सगळा भक्कम गाभा लालभडक झाला, लोंबती शेपटी निळी, आणि खाली लिहिलं होतं ‘गाभा लवचीक’. अल्फाफोल्डच्या स्वतःच्या रंगांत ९० च्या वर गडद निळा आणि ५० च्या खाली नारिंगी असतो. तो संकेत पाळला असता तर ही चूक झालीच नसती. म्हणून मी संकेतांसाठी एवढा भांडतो.

साधा_वाचक
पण निळ्याचे संकेत तरी किती? निळा म्हणजे नायट्रोजन, निळा म्हणजे धन प्रभार, इंद्रधनुषी रिबनमध्ये (साखळी फितीसारखी दाखवणाऱ्या चित्रात) निळा म्हणजे साखळीचं एन, म्हणजे सुरुवातीचं, टोक, आणि आता निळा म्हणजे विश्वास. एकाच पानावर दोन चित्रांत निळ्याचे दोन अर्थ मी पाहिलेत. चित्राच्या कोपऱ्यात रंगपट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना आकडे द्या. ‘गाभा लवचीक’ लिहिणाऱ्याला ‘९०’ हा आकडा लाल टोकाशी लिहावा लागला असता, तर त्याचा हात थांबला असता.

स्फटिक
याला माझी पूर्ण संमती.