शाळेत नर्स नाही, मुलीला टाइप १ डायबेटीस : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत, शाळा परळच्या बाजूची. दिवाळीनंतर तिला टाइप १ डायबेटीस निघाला. शाळेत सिक रूम म्हणजे ऑफिसमागचा एक बाक आणि भिंतीवरची प्रथमोपचार पेटी, किल्ली शिपाईकाकांकडे. आत डेटॉल, कापूस, क्रेप बँडेज. ग्लुकोज नाही.

पीटीनंतर कधीकधी साखर ७०च्या खाली जाते. डॉक्टरांनी सांगितलंय, लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८. हे वर्गशिक्षिकांना लिहून दिलंय. बाई चांगल्या आहेत, पण इंजेक्शनची जबाबदारी नको म्हणतात. त्यांचंही बरोबरच. डब्याआधीचं इन्सुलिन ती स्वतःच टोचते, पण कुठे, तर मुलींच्या बाथरूममध्ये! ते मला अजिबात पटत नाही.

कुणाच्या शाळेत नीट सोय झाली आहे का? मुख्याध्यापकांना अर्ज कसा लिहिलात, डॉक्टरांचं कसलं पत्र जोडलंत? मे-जूनच्या उकाड्यात इन्सुलिन कशात ठेवता? आणि दहावीच्या बोर्डाला ग्लुकोमीटर आत नेऊ देतात का? परवानगी कधीपासून मागायची?