केलब विल्यम्सचे पहिले वर्ष कोणी वाया घालवले?

शिकागोकर

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधील शिकागो बेअर्सचा २०२४ चा हंगाम ५ विजय आणि १२ पराभवांवर संपला. शेवटच्या सामन्यात ग्रीन बेमध्ये जाऊन पॅकर्सना २४-२२ असे हरवले याचा आनंद मलाही झाला, पण त्याआधी सलग १० सामने गमावलेल्या संघाबद्दलचे मत त्या एका विजयाने बदलू नये. हे जानेवारी २०२५ मध्ये लिहितो आहे, नवा मुख्य प्रशिक्षक अजून ठरायचा आहे, म्हणून ही चर्चा आत्ताच व्हायला हवी असे वाटते. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या केलब विल्यम्स या क्वार्टरबॅकला (चाली चालवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूला) तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यंत वाईट रीतीने हाताळले. आणि अशा प्रशिक्षकाच्या हाती हा मुलगा सोपवणाऱ्या व्यवस्थापनाचा दोष त्याहूनही मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे.

या हंगामात विल्यम्सला ६८ वेळा सॅक केले गेले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला इतक्या वेळा जमिनीवर आडवे केले. लीगच्या इतिहासात एका हंगामात याहून अधिक सॅक आजवर दोघांनीच सोसले आहेत: २००२ मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड कारने ७६ आणि १९८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या रँडल कनिंगहॅमने ७२. तरीही या मुलाने पासवर ३,५४१ यार्ड आणि २० टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणे) नोंदवले, फक्त ६ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले (इंटरसेप्शन) आणि सलग ३५३ पास इंटरसेप्शनविना टाकून नवख्यांचा विक्रम केला. असा खेळाडू असताना, आणि डीजे मूर, कीनन ॲलन, रोम ओडुंझे असे पास झेलणारे रिसीव्हर दिमतीला असताना, एकूण यार्डांच्या हिशेबात हा ऑफेन्स, म्हणजे आक्रमणाची फळी, लीगमध्ये सर्वांत शेवटी राहिला.

त्यामागे काय होते हे सामने पाहणाऱ्यांना माहीत आहे. इंडियानापोलिसविरुद्ध गोलरेषेच्या अगदी जवळ, चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, सरळ पुढे घुसण्याऐवजी बाजूला पळत जाऊन चेंडू देण्याची चाल निवडली आणि १२ यार्ड गमावले. वॉशिंग्टनविरुद्ध गोलरेषेवर डग क्रेमर या राखीव लाइनमनच्या (एरवी फक्त समोरच्याला अडवणाऱ्या खेळाडूच्या) हाती चेंडू देण्याचा प्रयोग झाला आणि चेंडू सुटला. तो सामना शेवटच्या क्षणीच्या लांब पासवर १८-१५ असा गेला. पुढच्या दोन सामन्यांत, ॲरिझोना आणि न्यू इंग्लंडविरुद्ध, एकही टचडाऊन झाला नाही. न्यू इंग्लंडने तर सोल्जर फील्ड या बेअर्सच्याच मैदानावर विल्यम्सला ९ वेळा पाडले. तेव्हा कुठे ऑफेन्सच्या चाली ठरवणारे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन यांना काढण्यात आले.

थँक्सगिव्हिंग या सणाच्या दिवशीचा डेट्रॉइटचा सामना मी अजून विसरू शकलेलो नाही. ३ गुणांची पिछाडी, सुमारे अर्धा मिनिट शिल्लक, हातात एक टाइमआउट, आणि बरोबरीचा फील्ड गोल (चेंडू लाथेने मारून मिळणारे ३ गुण) आवाक्यात. सॅकनंतर गोंधळलेला नवखा क्वार्टरबॅक संघाला पुन्हा रांगेत उभे करत होता, घड्याळ पळत होते, आणि मुख्य प्रशिक्षक बाजूच्या रेषेवर तो टाइमआउट खिशात ठेवून उभे राहिले. नंतर पत्रकारांपुढे त्यांनी त्या निर्णयाचे समर्थनच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापनाने त्यांना पुन्हा पत्रकारांसमोर बसवले आणि काही तासांतच काढून टाकले. इतक्या जुन्या संघाने हंगामाच्या मध्यात मुख्य प्रशिक्षक बदलण्याची ही पहिलीच वेळ होती.

मला खरा राग आहे तो या सगळ्याच्या पुनरावृत्तीचा. २०१७ मध्ये नवखा क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्कीला मुख्य प्रशिक्षक जॉन फॉक्स यांच्या हाती दिले आणि हंगाम संपताच फॉक्स गेले. २०२१ मध्ये जस्टिन फील्ड्सला मॅट नेगी यांच्या हाती दिले. क्लीव्हलँडमधील त्याच्या पहिल्याच संपूर्ण सामन्यात त्याला ९ सॅक सोसावे लागले, पासिंगचे निव्वळ यार्ड १ भरले, आणि हंगाम संपताच नेगीही गेले. आता विल्यम्स आणि एबरफ्लूस. तीनही वेळा ज्याची नोकरी आधीच डळमळीत होती अशा प्रशिक्षकाकडे संघाचे भवितव्य सोपवले गेले. जो माणूस येत्या रविवारच्या निकालावर जगत असतो, त्याला तीन वर्षांनी फळ देणारे शिक्षण देण्याची सवड नसते. परिणामी मुलाला दुसऱ्याच वर्षी नवी परिभाषा आणि नवी पद्धत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते.

जुना प्रेक्षक

शिकागोकर, टाइमआउटच्या प्रसंगाबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही. मात्र ६८ सॅकचे खापर प्रशिक्षकावर फोडणे मला पटत नाही. चाल कितीही चांगली आखली तरी समोरचा माणूस अडवणारे पाच जण भक्कम नसतील तर ती कागदावरच राहते. बेअर्सच्या या पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनची यंदाची अवस्था आठवा. नेट डेव्हिसला २०२३ मध्ये मोठा करार देऊन आणले आणि नोव्हेंबरमध्ये सोडून द्यावे लागले. डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू, ब्रॅक्सटन जोन्स जायबंदी झाला, टेवेन जेंकिन्स सतत दुखापतींनी आत-बाहेर करत राहिला, आणि डिसेंबरमध्ये मिनेसोटाच्या डिफेन्ससमोर किरन अमेगाजी या तिसऱ्या फेरीत निवडलेल्या नवख्याला थेट डाव्या टॅकलच्या जागी उभे करावे लागले. त्या रात्री काय झाले ते सर्वांनी पाहिले.

ही लाइन एबरफ्लूस यांनी नव्हे, जनरल मॅनेजर रायन पोल्स यांनी बांधली. त्यांना जानेवारी २०२२ पासून तीन वर्षे मिळाली आहेत. ड्राफ्टमध्ये ९ वी निवड हाती असताना त्यांनी ओडुंझे हा रिसीव्हर घेतला. त्यानंतर दोनच निवडींनी जेट्सनी ओलू फशानू हा टॅकल घेतला. ओडुंझे गुणी आहे यात शंका नाही, पण ज्याच्याकडून त्याला पास मिळायचा तोच आडवा पडलेला असेल तर तिसऱ्या चांगल्या रिसीव्हरचा उपयोग काय? प्रशिक्षक गेले, कोऑर्डिनेटर गेले, पण लाइन निवडणारे जागेवर आहेत आणि नवा प्रशिक्षकही तेच निवडणार आहेत. तुमचा राग योग्य आहे, फक्त तो चुकीच्या दारावर जाऊन थडकतो आहे.

पूर्वरंग

मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते, कारण दोघांनीही खुद्द विल्यम्सला पूर्ण मोकळे सोडले आहे. सॅक हा आकडा केवळ लाइनचा नसतो, क्वार्टरबॅकचाही असतो. विल्यम्स महाविद्यालयात असल्यापासून चेंडू हातात धरून, मागे-पुढे पळत, काहीतरी अचाट घडवण्याची वाट पाहतो. सदर्न कॅलिफोर्नियाकडून खेळताना महाविद्यालयीन सर्वोत्तम खेळाडूची २०२२ ची हाइझमन ट्रॉफी त्याला त्याच शैलीने मिळवून दिली, पण तिथे ज्या बचावपटूंना तो सहज चुकवत असे त्यांच्याहून वेगवान माणसे इथे प्रत्येक संघात आहेत. या हंगामात अनेक वेळा चेंडू बाहेर फेकून देणे शक्य होते, पण त्याने तसे न करता १० ते १५ यार्ड मागे सॅक घेतला. इंटरसेप्शन कमी असण्याची दुसरी बाजूही हीच आहे: धोक्याचा पास टाकण्याऐवजी त्याने सॅक पत्करला.

बचावातून आलेला प्रशिक्षक नवख्या क्वार्टरबॅकला घडवू शकत नाही, असा सूर वर नसला तरी अन्यत्र सतत ऐकू येतो, म्हणून लिहितो. वॉशिंग्टनचे डॅन क्विन बचावाचेच प्रशिक्षक आहेत आणि त्यांच्याकडे जेडन डॅनियल्सने पहिल्याच वर्षी १२ सामने जिंकणारा संघ चालवला. ह्यूस्टनचे डिमेको रायन्स स्वतः बचावफळीतील लाइनबॅकर होते. त्यांच्याकडे २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउड नवखा असताना ४,००० यार्डांच्या पुढे गेला. मुख्य प्रशिक्षकाची पार्श्वभूमी कोणती हा प्रश्नच गौण आहे.

वाचनमात्र

एरवी केवळ वाचतो, पण वॉशिंग्टनचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण मी त्या संघाचा पाठीराखा आहे. डॅन क्विन यांनी ऑफेन्स क्लिफ किंग्जबरी यांच्याकडे पूर्णपणे सोपवला आणि राखीव क्वार्टरबॅक म्हणून मार्कस मारिओटासारखा, स्वतः कधीकाळी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला, चढ-उतार पाहिलेला माणूस डॅनियल्सच्या शेजारी बसवला. शिकागोत विल्यम्सच्या मागे टायसन बेजंट होता, जो स्वतःच लीगमध्ये दुसऱ्या वर्षात होता. वाईट सामन्यानंतर सोमवारी चित्रफीत पाहताना ज्याला मोकळेपणाने विचारावे असा अनुभवी सहकारी त्या मुलाला दिलाच गेला नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. किंग्जबरी २०२३ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियात विल्यम्सबरोबरच काम करत होते, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेअर्सनी कोऑर्डिनेटरच्या जागेसाठी त्यांची मुलाखतही घेतली होती. त्यानंतर निवड झाली ती वॉल्ड्रन यांची.

शिकागोकर

जुना प्रेक्षक, लाइन दुबळी होती हे मला मान्य आहे, आणि पोल्स यांना मी कुठेही निर्दोष ठरवलेले नाही. व्यवस्थापनाचा दोष मोठा असे मी पहिल्याच परिच्छेदात म्हटले आहे. परंतु लाइनच मूळ कारण असते तर वॉल्ड्रन यांना काढल्यानंतरच्या तीन सामन्यांचा उलगडा होत नाही. त्यांच्या जागी थॉमस ब्राउन यांनी चाली सांगायला सुरुवात केली तेव्हा लाइन तीच दुबळी होती, क्वार्टरबॅक तोच होता, आणि तयारीला एक आठवडाही मिळाला नव्हता. त्यांनी विल्यम्सला झटपट सुटणारे छोटे पास दिले, पहिले लक्ष्य मोकळे नसेल तर पळण्याची मुभा दिली, आणि संघ पॅकर्सशी १९-२०, व्हायकिंग्जशी जादा वेळेत २७-३०, लायन्सशी २०-२३ असा झुंजला. पॅकर्सच्या सामन्यात तर वेळ आणि टाइमआउट हाती असताना आणखी थोडे पुढे सरकण्याऐवजी एबरफ्लूस ४६ यार्डांच्या फील्ड गोलवर समाधानी राहिले आणि तो अडवला गेला. या तिन्ही संघांनी हंगामात किमान ११ सामने जिंकले. ज्या मुलाला न्यू इंग्लंडने ९ वेळा पाडले तोच मुलगा अशा संघांपुढे बरोबरीने उभा राहिला, याचे श्रेय चालींच्या निवडीलाच द्यावे लागेल.

पूर्वरंग, चेंडू धरून ठेवण्याची सवय खरी आहे. परंतु सवयी मोडण्यासाठीच प्रशिक्षक असतो. जॅरेड गॉफ २०१६ मध्ये रॅम्सकडून नवखा म्हणून ७ सामने खेळला आणि सातही हरला. मुख्य प्रशिक्षक जेफ फिशर यांना हंगाम संपण्याआधी काढले गेले. त्या वर्षी तो संघ गुणांमध्ये लीगमध्ये शेवटचा होता. पुढच्या वर्षी नवे मुख्य प्रशिक्षक शॉन मकव्हे आले आणि गॉफच क्वार्टरबॅक असताना तोच संघ ४७८ गुणांसह पहिला आला. त्या उन्हाळ्यात लाइन आणि रिसीव्हरही सुधारले होते हे खरे, पण गॉफला कोणता पास आधी पाहायचा हे सांगणारा माणूस बदलला होता.

तिसरा डाव

शिकागोकर, ज्या तीन सामन्यांवर तुमचा सगळा भर आहे त्यानंतरचे सामने तुम्ही सोडून दिले. ब्राउन तात्पुरते मुख्य प्रशिक्षक झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत पूर्वार्धात संपूर्ण ऑफेन्सने मिळून ४ यार्ड काढले. सिॲटलविरुद्ध घरच्या मैदानावर ३-६ असा पराभव झाला. चाली सांगणारे तेच होते. एकाच माणसावर अचानक तीन जबाबदाऱ्या आल्या हे मान्य केले, तरी केवळ चालींच्या निवडीने सगळे सुटते हा तुमचा निष्कर्ष टिकत नाही. याच ब्राउन यांच्याकडे २०२३ मध्ये कॅरोलायनात ब्राइस यंग हा पहिल्या क्रमांकावर निवडलेला नवखा होता आणि तिथेही मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइश ११ सामन्यांनंतर काढले गेले होते.

यंगचे पुढे काय झाले हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर नवे प्रशिक्षक डेव्ह कनालेस यांनी त्याला बाकावर बसवले, काही आठवडे पाहू दिले, आणि परतल्यावर तो वेगळाच खेळाडू दिसला. पॅट्रिक महोम्ससुद्धा २०१७ चा जवळजवळ संपूर्ण हंगाम ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला होता. न्यू इंग्लंडने ड्रेक मे या नवख्याला पहिले पाच सामने जकोबी ब्रिसेटच्या मागे ठेवले. पहिल्या क्रमांकाची निवड म्हणजे पहिल्याच रविवारी मैदानात उतरलेच पाहिजे, हा हट्ट शिकागोत कोणी तपासूनच पाहिला नाही. दुसऱ्याच सामन्यात ह्यूस्टनने विल्यम्सला ७ वेळा पाडले होते. ती सूचना पुरेशी होती.

शिकागोकर

बाकावर बसवण्यासाठी पुढे खेळायला कोणी असावे लागते, आणि तसा माणूस संघात नव्हता हे वाचनमात्र यांनी दाखवलेच आहे. शिवाय यंग बाकावर बसला तेव्हा त्याला शिकवणारे कनालेस हे नव्याने आलेले आणि पदाची चिंता नसलेले प्रशिक्षक होते. एबरफ्लूस यांच्याकडे हंगाम सुरू होताना १० विजय आणि २४ पराभव जमा होते. त्यांनी विल्यम्सला बसवले असते तर ते शिक्षणासाठी आहे असे कोणीही मानले नसते.

म्हणूनच मला २०२४ च्या जानेवारीतील निर्णय सर्वांत जास्त खुपतो. तेव्हा ७ विजय आणि १० पराभव असा हंगाम संपवून पहिली निवड हाती आलेली होती, फील्ड्सला सोडायचे हे जवळपास निश्चित होते, आणि एकेकाळी बेअर्सचाच क्वार्टरबॅक असलेले जिम हार्बो मिशिगन विद्यापीठ सोडून लीगमध्ये परतण्याच्या तयारीत होते. ते चार्जर्सकडे गेले आणि ५-१२ असलेला तो संघ एका वर्षात ११-६ झाला. बेअर्सनी मुख्य प्रशिक्षक तसेच ठेवून फक्त लूक गेट्सी या कोऑर्डिनेटरला काढले. आता, जानेवारी २०२५ मध्ये, डेट्रॉइटचे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर बेन जॉन्सन यांचे नाव पुढे आहे. त्यांच्या संघाने या हंगामात ५६४ गुण केले, तेही त्याच जॅरेड गॉफच्या हाती चेंडू देऊन. ते येवोत किंवा आणखी कोणी, त्यांना किमान चार वर्षांची खात्री मिळाली पाहिजे.

जुना प्रेक्षक

जॉन्सन यांचे नाव घेताना डेट्रॉइटची लाइनही पाहा. पेनेई सूअल आणि फ्रँक रॅग्नो हे दोघेही तिथे पहिल्या फेरीतून आलेले आहेत, आणि गॉफ त्यांच्या आडून शांतपणे उभा राहून पास टाकतो. शिकागोत आज मध्यभागी सेंटर आणि दोन्ही गार्ड या तिन्ही जागा भरायच्या आहेत. पुढील वर्षाचे खात्रीचे नाव म्हणावे तर उजव्या बाजूच्या डार्नेल राइटचे. मुख्य प्रशिक्षक कोण येतो याची उत्सुकता मलाही आहे, परंतु मार्च २०२५ मध्ये करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडेल तेव्हा पोल्स पहिला करार कोणाशी करतात आणि एप्रिलच्या ड्राफ्टमधील १० वी निवड कुठे खर्च करतात, यावरच विल्यम्स दुसऱ्या वर्षी किती वेळा उभा राहून पास टाकेल हे ठरणार आहे.