२५ हजारात बचत कशी करता?

प्रश्न: नागपुरात नोकरीला लागलो, भाडं, डबा, पेट्रोल यातच सगळं जाऊन राहिलं, २० तारखेला खिसा रिकामा. तुम्ही कसं जमवता भाऊ?

महालवाली ताई: उरलं तर टाकू म्हणशील तर कधीच उरत नाही रे. आधी दोन-तीन महिन्यांचा खर्च बँकेत जमव, मग पीपीएफ म्हणजे सरकारी बचत खातं, वर्षाला ५०० पासून दीड लाखापर्यंत, पण १५ वर्षं अडकते. अन् ५ तारखेच्या आत भर, व्याज ५ पासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वात कमी शिलकीवर धरतात.

इतवारीकर: किराणा इतवारीतून, भाजी सकाळी कॉटन मार्केटातून, रूममेटसोबत वाटून घे. खूप फरक पडते.

प्रश्नकर्ता: ताई, पगारच ७ ला होते, मग?

महालवाली ताई: बाजूला काढून ठेव न, पुढच्या ५ च्या आत भर.