आधी माप, मग जरी

बर्मिंगहॅममध्ये डिसेंबरात मैत्रिणीचा निकाह, लाहोरहून घरारा (गुडघ्यापासून खाली मोठा घेर असलेला पायजमा) शिवून घ्यायला दोन महिने पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. भरजरी हवा असेल तर नाही पुरणार. आत्ताच ऑर्डर द्या.

दबका, नक्शीचं काम, म्हणजे धातूच्या बारीक वळवलेल्या तारेचं जरीकाम, शिवलेल्या कपड्यावर करत नाहीत. कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणतात, खाका (नक्षीचा आराखडा) उतरवतात, मग कारागीर दोन्ही बाजूंना बसून सुईनं टाका-टाका भरतात. बेतणं, शिवणं त्यानंतर. त्यामुळे गळा, बाही, उंची आधीच पक्की लागते. मागाहून गळा दोन बोटं खाली हवा म्हटलं तर बेल (भरलेली वेलबुट्टी) तुटते. उंचीचं माप लग्नात घालणार त्याच टाचांच्या चपला घालून द्या. मी अनवाणी दिलं होतं, वलीम्याच्या (निकाहानंतरच्या मेजवानीच्या) दिवशी घेर वर उचललेला दिसत होता. फार वाईट वाटलं.

शिलाईत दोन्ही बाजूंना दाब, म्हणजे आत जादा कापड, ठेवायला आवर्जून सांगा.

पुढच्या वर्षीची लग्नं असतील तर रमजान बघा. तो दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, आणि ईदेला कारागीर गावी जातात.

आणि पार्सल पुण्याला आईकडे मागवू नका. मे २०२५पासून पाकिस्तानी माल भारतात आणायला बंदी आहे, दुबईमार्गे आला तरी.