फोटोवरून जलरंगातलं पोर्ट्रेट: सावल्या काळ्या पडतात, कडा खोट्या वाटतात

कोरा_कागद
फोटोशॉपमध्ये एका चेहऱ्याच्या फोटोला जलरंगाचं रूप द्यायचं आहे. मूळ फोटो ४००० × ६००० पिक्सेल, एका बाजूने उजेड, दुसरा गाल सावलीत. फिल्टर गॅलरीतला वॉटरकलर लावला: ब्रश डिटेल ९, शॅडो इन्टेन्सिटी १, टेक्श्चर १. सावलीतला गाल आणि केस काळेकुट्ट होतात, शॅडो इन्टेन्सिटी ० केली तरी. पूर्ण आकारात पाहिलं तर फटकारे दिसतात, पण चित्र स्क्रीनवर मावेल इतकं लहान केलं की पुन्हा फोटोच. रंग पसरून कागदावर थांबल्याची खूण तर कुठेच नाही. शेवटी ए४ वर छापायचं आहे. कुठे चुकतंय?

ओला_कुंचला
वॉटरकलर फिल्टर सोडून द्या. तो गडद भाग आणखी गडद करतो आणि ० वरही ते थांबत नाही. जलरंगात उलट असतं: रंग पारदर्शक, उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येतो, आणि सर्वांत गडद सावलीतही रंग असतो. म्हणून आधी फोटो तयार करा, फिल्टर नंतर.

आकार कमी करा, १६०० × २४०० पुरे. पुढे आपण फिल्टर गॅलरीतलाच ड्राय ब्रश हा फिल्टर वापरू; त्याचा ब्रश साइज १० च्या पुढे जात नाही, त्यामुळे ६००० पिक्सेलच्या फोटोवर तो फटकारा केसाएवढाच उमटतो. वॉटरकलरचे फटकारेही असेच बारीक, लहान केल्यावर फोटोच दिसतो तो यामुळेच. फिल्टर गॅलरी पुसट दिसत असेल तर फाइल बहुधा १६ बिटची आहे, मोड ८ बिट करा.

मग लेव्हल्समध्ये आउटपुटचा काळा ० वरून ४० ते ४५ वर आणा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). कर्व्ह्जमध्ये निळ्या चॅनेलचं डावीकडचं खालचं टोक १५-२० ने उचला. सावलीतली त्वचा जांभळट होते, आणि जलरंगात ती तशीच शोभते.

आता सगळं एकत्र करून स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे फिल्टर नंतरही बदलता येतात. सरफेस ब्लर, रेडियस ८, थ्रेशोल्ड १८: त्वचेचे बारकावे जातात, नाकाची आणि ओठांची कड टिकते. त्यावर ड्राय ब्रश, साइज १०, डिटेल ६, टेक्श्चर १. स्मार्ट फिल्टरच्या मास्कवर (मास्क म्हणजे झाकण: काळं तिथे झाकलं जातं, पांढरं तिथे दिसतं) डोळे आणि ओठ ५० टक्के काळ्याने हलके पुसा. चेहऱ्याची ओळख तिथेच असते.

यापुढचं काम हाताने करायचं, आणि खरा फरक तिथेच पडतो. खाली पांढरा लेयर ठेवा. चित्राच्या लेयरला ऑल्ट दाबून मास्क द्या, म्हणजे तो पूर्ण काळा येईल आणि चित्र झाकलं जाईल. वेट मीडिया ब्रशेसमधला फाटक्या कडांचा एखादा ब्रश घ्या, साइज २५० ते ४००, ब्रश सेटिंग्जमध्ये वेट एजेस चालू करा आणि पांढऱ्या रंगाने मास्कवर फटकारे मारा. वेट एजेसमुळे फटकाऱ्याचा मधला भाग अर्धपारदर्शक राहतो आणि कडेला रंग दाट होतो. ओला रंग वाळताना रंगद्रव्य कडेकडे सरकतं, म्हणून खऱ्या चित्रात ती गडद रेघ असते. इथे ती मास्कमधूनच मिळते.

चेहऱ्यावर फटकारे दोन-तीन थरांत, केसांवर एक-दोन, खांद्यांवर एकच आणि तोही अर्धवट सोडलेला. दर वेळी माउस सोडून नवा फटकारा सुरू करा. एकाच फटकाऱ्यात घासत राहिलात तर थर चढत नाही. डोळ्यातला उजेडाचा ठिपका आणि नाकाचा शेंडा कोरा सोडा. मागची पार्श्वभूमी उघडूच नका.

रेघ_रेघ
वरच्यात एवढंच जोडतो. फिकट वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या थरात, जबडा आणि नाकपुडी हरवतात, त्यासाठी पेन्सिलची रेघ हवी. ड्राय ब्रश लावण्याआधीच्या फोटोची प्रत घ्या, तिचा रंग काढा. तिची आणखी एक प्रत करून इन्व्हर्ट करा आणि मोड (वरचा लेयर खालच्यात मिसळण्याची रीत) कलर डॉज ठेवा. सगळं पांढरं होईल, घाबरू नका. त्या वरच्या प्रतीला गॉशियन ब्लर ३ पिक्सेल दिला की रेघा उमटतात. दोन्ही एकत्र करून मोड मल्टिप्लाय (खालचं गडद करणारा), ओपॅसिटी ३० टक्के. ब्लर ८ च्या वर नेलात तर रेघेऐवजी कोळशाची छाया येते.

गिम्प (फोटोशॉपसारखं मोफत सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: सरफेस ब्लरच्या जागी मीन कर्व्हेचर ब्लर चालतो. वेट एजेस मात्र तिथे नाही. मास्कवरून सिलेक्शन घ्या, ५-६ पिक्सेलची बॉर्डर करा, थोडं फेदर द्या (कड मऊ करा) आणि मल्टिप्लाय लेयरवर त्वचेचाच गडद रंग २५ टक्क्यांनी भरा.

कोरा_कागद
काळेपणा गेला, कडाही आल्या. आता कागदाचा पोत अडला आहे. ५० टक्के राखाडी लेयरवर टेक्श्चरायझर, सॅन्डस्टोन, रिलीफ ५, मोड सॉफ्ट लाइट. रंगावर पोत दिसतो, कोऱ्या भागात काहीच नाही. मल्टिप्लाय केलं तर सगळं चित्र मळकं होतं.

ओला_कुंचला
शुद्ध पांढऱ्यावर सॉफ्ट लाइटचा काहीच परिणाम होत नाही, आणि राखाडी मल्टिप्लाय केला की सगळंच झाकोळतं. एकाच लेयरकडून दोन्ही कामं होणार नाहीत. त्या राखाडी लेयरची प्रत करा, लेव्हल्सने इतकी उजळा की सरासरी २४० ते २४५ येईल, आणि तिला मल्टिप्लाय द्या: हा झाला कोरा कागद. मूळ लेयर सॉफ्ट लाइटवरच ५० टक्के ठेवा. रंगद्रव्य कागदाच्या खळग्यांत साचून जी रवाळ छटा येते, ती त्यातून मिळते. पांढऱ्या पार्श्वभूमीलाही किंचित पिवळसर करा: लाल २५०, हिरवा २४८, निळा २४२.

पोत मात्र सर्वांत शेवटी. आधी चित्र ए४ च्या मापाला वाढवा, ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल. तुमचा फोटो २:३ आहे, म्हणून रुंदी २४८० धरून वाढवा आणि वर-खाली थोडं कापा. तसाही तिथे कोरा कागदच आहे. चित्र वाढवताना थोडं मऊ पडतं, ते जलरंगात खपतं. पोत आधी लावून मग वाढवलात तर कागदाचे दाणे फुगतात आणि चित्र फ्लेक्सवर छापल्यासारखं दिसतं.