जेम्स लोगनची पुस्तकं की त्याची खतावणी? माणूस नेमका कशातून कळतो?

शाईदौत

फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांच्याही दीडशे वर्षं आधी त्या शहरात जेम्स लोगन नावाचा एक व्यापारी होता. जन्म १६७४चा, आयर्लंडमधल्या लर्गनचा. वडील क्वेकर या शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, शाळामास्तर. १६९९ मध्ये तो पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याचा चिटणीस म्हणून अमेरिकेत आला. पेन इंग्लंडला परतल्यावर पेन्सिल्व्हेनियाचा बराचसा कारभार त्याच्याच हातात राहिला. स्वतःचा धंदा हरणाच्या कातड्यांचा आणि फरचा. १७३०च्या सुमारास शहराबाहेर त्याने स्टेंटन नावाचं विटांचं मोठं घर पुरं केलं. आज तिथे संग्रहालय आहे.

१७५१ मध्ये तो वारला आणि मग घरातल्या सामानाची खोलीवार यादी झाली. त्यात पाहुण्यांच्या खोलीतला पिवळ्या डमास्कच्या पडद्यांचा पलंग आहे. अशा वस्तू कशासाठी घेतात हे सांगायला नको. आलेल्या माणसाच्या डोळ्यांत भराव्यात म्हणूनच. पण त्याच्याकडे अडीच हजारांहून जास्त ग्रंथ होते, त्यातले बहुतेक लॅटिन आणि ग्रीक. ते वाचू शकतील अशी माणसं तेव्हाच्या फिलाडेल्फियात फारच थोडी. मग दिखावा कोणासाठी?

न्यूटनचं 'प्रिन्सिपिया' त्याने १७०८ मध्ये मिळवलं. अमेरिकेत पोचलेली ही पहिली ज्ञात प्रत. ते समजावं म्हणून लागणारं गणित तो स्वतःच शिकला. टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या प्राचीन खगोलशास्त्राच्या ग्रंथाची १५३८ची ग्रीक आवृत्ती तरुणपणी त्याच्याकडे होती, पण धंद्याला भांडवल हवं म्हणून डब्लिनमध्ये ती इतर पुस्तकांबरोबर विकावी लागली. पुढे त्या पुस्तकावरून त्याने हॅम्बर्गच्या फॅब्रिशियस या मोठ्या पंडिताशी पत्रव्यवहार केला आणि फॅब्रिशियसने आपली स्वतःची प्रत त्याला पाठवून दिली. समासांत लोगनच्या हातच्या टिपा आहेत. छापणाऱ्यांच्या चुकासुद्धा त्याने दुरुस्त केल्या आहेत.

आणि मका! बागेत मका लावून त्याने काही झाडांचे तुरे कापले. काही कणसांचे रेशमासारखे केस थोडे, काहींचे जास्त छाटले. एक कणीस तर पातळ मलमलीत गुंडाळलं, म्हणजे ऊन-वारा लागेल पण पराग पोचणार नाही. जेवढे केस शाबूत तेवढेच दाणे भरले आणि मलमलीतल्या कणसात दाणाच धरला नाही. १७३९ मध्ये हे प्रयोग लायडनला लॅटिनमध्ये पुस्तकरूपाने छापले गेले.

माझं मत स्पष्ट आहे. व्यापाऱ्याच्या बाकी वस्तू त्याची ऐपत सांगतात, माणूस सांगतात ती पुस्तकं. आणि ही पुस्तकं त्याने शहराच्या उपयोगासाठी ठेवली. तो संग्रह आजही तिथल्या 'लायब्ररी कंपनी' या वाचनालयात आहे. तुम्हाला काय वाटतं?

करवंद

पुस्तकं विकत घ्यायला पैसा लागतो. तो कुठून आला हे तुम्ही एका ओळीत उरकलंत.

लोगन जंगलात जाऊन शिकार करत नव्हता. तो छोट्या व्यापाऱ्यांना कापड, बंदुका, दारू उधारीवर द्यायचा. ते आत जाऊन मूळच्या लोकांकडून कातडी आणायचे आणि लोगनच्या वहीत कर्जदार म्हणून अडकून राहायचे. माल वाहून न्यायला त्याने एक घोडागाडी घेतली, त्याची १७१७ची नोंद त्याच्या हिशेबात आहे. अमेरिकेच्या इतिहासात प्रसिद्ध झालेल्या कॉनेस्टोगा गाडीचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख मानतात. म्हणजे खतावणीसुद्धा केवढं सांगते बघा. त्याच्या घरात गुलामही होते. पुस्तकांच्या समासात माणूस स्वतःला आवडेल तसा दिसतो. हिशेबाच्या वहीत तसं चालत नाही, कारण तिथे चूक झाली तर पैसे जातात.

मोडीवाला

करवंद, जुन्या हिशेबांशी माझा रोजचा संबंध आहे म्हणून सांगतो. खतावणीतून काळ कळतो, माणूस फार थोडा कळतो. उधारी, दारू, गुलाम हे त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी व्यापाऱ्यांच्या वह्यांत सापडेल. ते वाईट होतं, पण त्यावरून हा लोगन आणि तो शेजारचा असा फरक करता येत नाही. तो पुस्तकांवरून करता येतो.

थॉमस गॉडफ्रीचं उदाहरण घ्या. काचा बसवणारा कारागीर. स्टेंटनला कामावर असताना त्याने न्यूटनचं पुस्तक वाचायला मागितलं असं सांगतात. लोगनने त्याला हाकललं नाही, जवळ बसवून बोलतं केलं. पुढे याच गॉडफ्रीने समुद्रावर अक्षांश काढायचं सुधारलेलं उपकरण बनवलं. लंडनमध्ये त्याचं श्रेय हॅडली या इंग्रज गणितज्ञाला मिळतंय असं दिसल्यावर लोगनने १७३२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीला पत्र लिहून गॉडफ्रीची बाजू मांडली. जॉन बार्ट्रम हा शेतकरी पुढे मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. त्यालाही लोगनच्या पुस्तकांचा आधार होता. बेंजामिन फ्रँकलिनच्या मंडळींनी याच लायब्ररी कंपनीसाठी पहिली पुस्तकं मागवली तीसुद्धा लोगनचा सल्ला घेऊन. पुस्तकं असणं आणि ती दुसऱ्याच्या हातात देणं यांत अंतर आहे. हा माणूस ती देत होता.

करवंद

कारागिराला पुस्तक दिलं हे चांगलंच. आता लेनापी लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, काय दिलं तेही मांडते.

विल्यम पेनच्या मुलांना, म्हणजे लोगनच्या मालकांना, डेलावेअर नदीकाठची जमीन हवी होती. त्यांनी १६८६च्या एका जुन्या कराराची नक्कल पुढे केली. मूळ कागद कधीच सापडला नाही आणि नकलेत महत्त्वाच्या जागा कोऱ्या होत्या. मजकूर असा की, माणूस दीड दिवसात जेवढा चालेल तेवढी जमीन. १७३५ मध्ये गुपचूप एकदा चालून पाहिलं आणि वाट साफ करून घेतली. १७३७च्या ऑगस्टमध्ये लेनापी प्रमुखांच्या खुणा त्या कागदावर घेतल्या. त्यांना जो नकाशा दाखवला त्यात नद्यांची नावं अशी घातली होती की सीमा टोहिकॉन ओढ्यापाशी आहे असं वाटावं. प्रत्यक्षात ती पुढच्या लीहाय नदीपलीकडे जाणार होती. सप्टेंबरमध्ये तीन निवडक चालणारे सोडले. एक पहिल्याच दिवशी गळाला, दुसराही पुढे कोसळला. एडवर्ड मार्शल साठ मैलांहून जास्त गेला. आणि त्यानंतर नदीकडची रेघ सरळ न मारता काटकोनात मारली, म्हणजे आणखी जमीन आत आली. लाखो एकर गेले.

१७३५ मध्ये गुस्ताव्हस हेसेलियस या चित्रकाराने लापाविन्सो आणि टिश्कोहान या दोन प्रमुखांची चित्रं काढली आहेत. टिश्कोहानच्या गळ्यात खारीच्या कातड्याची पिशवी आहे, त्यात चिलीम. शाईदौत, तुमच्या वस्तूंच्या यादीत हेही धरा.

शाईदौत

ही खरेदी फसवणूकच होती, त्याबद्दल माझा वाद नाही. पण मालक कोण होता हेही बघायला हवं. पेन घराणं कर्जात बुडालेलं होतं. लोगनने 'प्रिन्सिपिया' घेतलं त्याच १७०८ साली विल्यम पेन कर्जापायी लंडनच्या तुरुंगात होता. मुलांना वारशात जमीन आली आणि कर्जही. १७३२ मध्ये थॉमस पेन स्वतः येऊन बसला आणि जमीन हातात येण्याआधीच विकायला लागला. लोगन त्यांचा जुना कारभारी. १७३७च्या त्या खरेदीवेळी बासष्ट वर्षांचा, बर्फावर पडून मांडीचं हाड मोडल्यापासून अधू. मालकाचा हुकूम आणि नोकराचं मन यांत आपण फरक करणार की नाही?

तिसरा प्रहर

नोकर? १७३६ ते १७३८ लोगन कौन्सिलचा अध्यक्ष म्हणून वसाहतीचा हंगामी गव्हर्नर होता. १७२७ मध्ये डरहॅमला लोखंडाची भट्टी निघाली, तिचा तो भागीदार. डरहॅम कुठे आहे? टोहिकॉनच्या उत्तरेला, म्हणजे याच वादातल्या पट्ट्यात. त्याचा स्वतःचा पैसा त्या जमिनीत होता.

आणि एक गोष्ट तुम्ही दोघंही सोडून देताय. पुस्तकं एका बाजूला आणि गुन्हा दुसऱ्या बाजूला असं तुम्ही चाललाय. मला त्याची पुस्तकंच या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा वाटतात. दोनशे वर्षांपूर्वी छापलेल्या ग्रीक ग्रंथातली चूक हेरून समासात दुरुस्त करणारा हा माणूस. कुठली प्रत अस्सल, कुठल्या प्रतीत काय गळलं, हे बघणं त्याच्या हाडात मुरलेलं होतं. अशा माणसासमोर मूळ नसलेली, कोऱ्या जागांची नक्कल आली. तिचं वजन किती हे त्याला कळलं नसेल? वसाहतीत ते सर्वांत आधी कळेल असा माणूस तोच होता. एखादा अडाणी अधिकारी असता तर फसला असेल म्हणता आलं असतं. लोगनच्या बाबतीत ती पळवाट त्याच्याच कपाटाने बंद केली आहे.

मक्याचंही तेच. मलमल इतकी पातळ हवी की वारा आत जाईल आणि पराग जाणार नाही, एवढा विचार करणारा माणूस नकाशात नदीचं नाव कुठे पडलंय ते बघत नाही?

मोडीवाला

तिसरा प्रहर, पुराव्याचा मुद्दा जोरदार आहे, पण यातून लोगनला कळत होतं एवढंच सिद्ध होतं. माणसाला कळतं आणि तरी तो गप्प बसतो, याची कारणं कपाटात सापडत नाहीत. फ्रँकलिनने एक गोष्ट नोंदवली आहे. पेनबरोबर अमेरिकेला येताना शत्रूचं वाटणारं एक जहाज दिसलं. बाकीचे क्वेकर पेनबरोबर खाली गेले, लोगन शस्त्र घेऊन डेकवर थांबला. नंतर पेन सगळ्यांसमोर रागावला तेव्हा लोगन म्हणाला की मी तुमचा नोकर, मग तुम्ही मला खाली यायला का नाही सांगितलंत? संकट दिसत होतं तोवर मी वर थांबलेलं तुम्हाला चालत होतं. हा माणूस मालकाला सुनावू शकत होता. म्हणूनच १७३७ मधलं त्याचं वागणं मला जास्त टोचतं, आणि तरीही गॉडफ्रीसाठी लिहिलेलं पत्र माझ्यासाठी खोटं ठरत नाही.

पाणंद

वस्तूंवरून माणूस ओळखायचा असेल तर स्टेंटनमधल्या डायनाला कुठे बसवणार? ती लोगनच्या मुलाच्या, विल्यमच्या घरात गुलाम होती. १७७६ मध्ये तिने मागून स्वातंत्र्य घेतलं. १७७७ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, घर जाळायला आलेले दोन ब्रिटिश सैनिक पेंढा आणायला गोठ्याकडे गेले, तेवढ्यात पळपुट्यांना शोधणारा अधिकारी आला. तिने गोठ्याकडे बोट दाखवलं आणि घर वाचलं, असं सांगतात. पिवळ्या पलंगाची खोली आज लोकांना दिसते ती तिच्यामुळे. ज्यांची गणतीच मालमत्तेत व्हायची, त्यांच्या वस्तूंच्या याद्या कोणी केल्या नाहीत.

शाईदौत

तिसरा प्रहरचा युक्तिवाद मला पटतो आणि तो माझ्या बाजूनेच जातो. त्याने पुस्तकं शहराला दिली, ती फुटली नाहीत, समासातल्या टिपा कुणालाही पाहता येतात. म्हणून तर आपण त्याच्यावर एवढा नेमका आरोप ठेवू शकतो. नुसती खतावणी उरली असती तर तो चार व्यापाऱ्यांतला एक म्हणून सुटला असता.

करवंद

आरोप नेमका झाला, पण हातात काय पडलं? लेनापींच्या वंशजांच्या डेलावेअर नेशनने याच खरेदीतल्या सुमारे ३१५ एकरांसाठी २००४ मध्ये दावा लावला. फसवणूक झाली असं गृहीत धरलं तरी जमिनीवरचा हक्क तेव्हाच संपला, असं धरून कोर्टाने तो फेटाळला. २००६ मध्ये अपीलही गेलं. त्यामुळे लोगनची पुस्तकं जिथे मांडून ठेवतात तिथेच १७३७चा तो कागद आणि नकाशाही मांडायला हवा, एकाच काचेखाली. तोवर त्या संग्रहाला मी उदार दान म्हणणार नाही.