क्लीनरूममध्ये बाया, सर्व्हिसला पुरुष: याला विविधता म्हणायची?

क्यूए_बुटीबोरी
राजेहो, सलाइन सेट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. वार्षिक मीटिंगला मोठ्या अभिमानानं सांगितलं, आपल्याकडे निम्म्याहून जास्त महिला. खरं आहे. पण त्या सगळ्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ-जंतू आवरलेल्या खोलीत, असेंब्लीवर, बहुतेक ठेकेदाराच्या. डिझाइन, तक्रारी, सर्व्हिस या तिन्ही ठिकाणी एकही नाही. नुसती डोकी काय मोजता? सही कोणाची चालते ते बघा. बढतीत महिलांचं टार्गेट ठेवलंच पाहिजे.

हिंगणा_फिल्डवाला
बोलायला काय जाते भाऊ! रात्री अकराला गडचिरोलीहून फोन येतो, व्हेंटिलेटर बंद. एकटी पोरगी पाठवाल? तिच्या घरचे आधी आपल्यावर चढतील. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांतही शिक्षण अन् अनुभवच मागितला आहे. ज्याला काम येते त्याला घ्या.

बायोमेडिकल_ताई
घरचे चढतील हे कोणाला विचारून ठरवलं? मला तर मुलाखतीत पहिला प्रश्न लग्नाचा होता, कामाचा नंतर. रात्री गाडी अन् सोबतीला माणूस पुरुषालाही द्यायलाच पाहिजे. आलापल्लीच्या रस्त्यानं तुम्ही तरी एकटे कायले जाता? आणि वॉर्डात मशीन नर्स चालवते. अलार्म का बंद ठेवला, हे ती साहेबांना सांगत नाही, मला सांगते. अन् मशीन सगळ्यांवर सारखं चालत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, काळ्या रुग्णांचा घसरलेला ऑक्सिजन ऑक्सिमीटरनं गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा चुकवला. आपल्याकडे सावळी माणसं किती, सांगायला नको.

हिंगणा_फिल्डवाला
तो चाचणीचा प्रश्न झाला ताई. सावळे लोक चाचणीत घ्या. त्यासाठी स्टाफ कशाला बदलायचा?

बायोमेडिकल_ताई
चाचणीत कोणाला घ्यायचं हे स्टाफच ठरवतो ना?

लाइन_सुपरवायझर
तुम्ही बाई-पुरुषातच अडकले. आमच्या लाइनवर बालाघाट, छिंदवाड्याच्या पोरी, अन् एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याचा लेखी कागद, इंग्रजीत! मेडिकल उपकरणांच्या दर्जाचं मानक आयएसओ १३४८५ म्हणते, प्रशिक्षणाचा परिणाम तपासा. आम्ही सही घेतली की प्रशिक्षण झालं. ऑडिटरनं एकीला हिंदीत विचारलं, सील कसं तपासतेस? तिनं बरोबर करून दाखवलं. एसओपीत मात्र जुनीच पद्धत होती. म्हणजे पोरगी शहाणी, कागद चूक. अन् शेरा पडला लाइनवर. एसओपी लिहिताना तिला कोणी विचारलंच नव्हतं.

क्यूए_बुटीबोरी
हेच तर म्हणतो. ती पोरगी एसओपी लिहिणाऱ्यांत पाहिजे.

हिंगणा_फिल्डवाला
घ्या तिला, एसओपी हिंदी-मराठीत करा, माझी ना नाही. पण तिला काम येते म्हणून घेताय, टार्गेट आहे म्हणून नाही. टार्गेटला माझा विरोधच.